उकंड्यावरचा गोऱ्हा

ह्या काळ्या मातीची आन, माह्या दोन्ही डोळ्यायची आन, अन् आमच्या बुढ्याच्या उरल्यासुरल्या दातायची आन! मी जे सांगून राह्यली त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. आमच्या फुलसावंगीकडच्या लोकायले सवयच लागली, प्रभाबाईनं तोंड उघडलं का हासाले सुरुवात करतेत. आज हासू नका. आज एक जीव जाता जाता कसा राह्यला ते सांगून राह्यली.

चंद्री म्हणून आमची गाय आहे. तांबडी, कपाळावर चांदाएवढा पांढरा ठिपका. गरीब एवढी का तिच्या पाठीवर कावळा बसून झोपला तरी हालत नाई. पण नशीब खराब. लागोपाठ दोन वर्सं दोन वासरं झाले, दोन्ही हगवण लागून आठवड्याच्या आत गेले. मंग ते गाय अशी हंबरे, अशी हंबरे, का आमच्या घरात कोणाच्या घशाखाली घास उतरे नाई.

फागुन सरत आलता. पळसाले पान नाई, नुसती आग लागल्यासारखी फुलं. गहू कापून गंजी लागलती, अन् चंद्री पुन्हा दिवसावर आलती. पोरगा धम्मरत्न पाण्याची मोटर दुरुस्त कराले पुसदले गेला. जाता जाता मले म्हणे, "आई, ह्या बारी बी वासरू नाई जगलं तं मी चंद्रीले बाजारात नेतो. तिचं ते हंबरणं मले आता ऐकवत नाई."

"नेशीन रे मोठा," म्या म्हटलं. पण धम्या बोलला का करते. बापावर नाई गेला तो.

घरात राह्यलो तिघं. मी, आमचे बुढे उकंडाजी, अन् सून उर्वशी.

आता बुढ्याचं नाव उकंडा काहून, ते समजलं पायजे, नाई तं पुढचं समजत नाई. त्यायच्या आदी त्यायच्या मायचे तीन लेकरं गेलते. मंग हे झाले तवा बुढ्याबाढ्यायनं काय केलं, का लेकराले मायेनं छातीशी धराच्या आदीच शेणाच्या उकंड्यावर नेऊन ठेवलं. पाठ फिरवून सगळे घरात. मागं वळून पाहाचं नाई. मंग शेजारीण आली, "अवो, कोणाचं लेकरू सापडलं वो!" म्हणून वरडली, अन् तिच्यापासून सूपभर ज्वारी देऊन लेकरू इकत घेतलं. म्हंजे मरण आलं तरी त्याले वाटते, हे तं कोणाचंच नाई, टाकलेलं आहे, ह्याले नेऊन काय कराचं! म्हणून नाव उकंडा.

चंद्रीले झुंजुरकाच कळा लागल्या अन् बुढ्याच्या डोक्यात हेच आलं.

"धम्याची माय," हळूच म्हणते, "आपण वासराले उकंड्यावर ठेवून पाहू."

"धम्याले समजलं तं? तो तं गावात सभा घेऊन लोकायले सांगते, असलं काही मानू नका."

"तो पुसदले आहे. अन् माह्याकडं पाह्य ना! सत्तरी वलांडली, अजून चार भाकरी मोडतो."

"चार नाई, पाच," म्या म्हटलं. अन् खरं सांगू का, मले बी ते पटलं. दोन वासरं मातीत घातल्यावर माणसाले काईही पटते.

उजाडता उजाडता गोऱ्हा झाला. तांबडा, ओला, पाय असे लांब का टोळासारखे. चंद्रीनं मान वळवली चाटाले, तवर बुढ्यानं त्याले पोत्यात गुंडाळून उचललंच. उर्वशी धावत आली.

"बाबा, कुठी नेऊन राह्यले? ढोरायच्या डॉक्टरीनबाई काय म्हणे? वासरू उठलं का आदी चीक पाजा. पह्यलं दूध हेच त्याचं औषध आहे म्हणे."

"जार पडू दे आदी," बुढे म्हणे. "जार पडाच्या आदी चीक पाजला का गाय बिघडते. माह्या आज्यापासून आमच्यात असंच आहे."

जार म्हंजे वासरामागून गाईच्या पोटातून जे पडते ते. आमच्या घरात ते पडेलोक वासराले थानाले लावत नाई. कवा कवा दुपार होते.

उर्वशीनं माह्याकडं पाह्यलं. म्या आभायाकडं पाह्यलं.

उकंडा आमचा वावराच्या कडेले, पांदणीले लागून आहे. शेण आतून गरम असते, त्यामुळं वासराले थंडी वाजाची भीती नोती. बुढ्यानं ठेवलं, पाठ फिरवली, घरात आले. शेजारच्या वावरातल्या मानीबाईले कळा लागल्या तवाच सांगून ठेवलतं, का सूर्य उगवला का ये अन् वरड. चंद्री कोठ्यात दावं तोडून राह्यली. आम्ही दोघं चुलीपुढं बसलो, कान बाहेर.

वाट पाहून राह्यलो. कोणी वरडे नाई.

तवर जार पडली. बुढ्यानं कडुनिंबाखाली खड्डा करून पुरली, कुत्र्यायनं खाऊ नाई म्हणून. तरी कोणी वरडे नाई. ऊन कोठ्याच्या भिंतीवर आलं. उर्वशी म्हणे, "आई, मी जाऊन पाहून येते."

"मागं पाहाचं नसते," बुढे म्हणे.

"मागं नाई, समोर पाहते," उर्वशी म्हणे. तेवढ्यात मानीबाई दारात. हातात काठी, डोक्याले घाम, अन् कडेवर वासरू नाई.

"बाई, मले उशीर झाला, वांदरायनं हरभऱ्याची गंजी उधळली. पण उकंड्यावर तं काईच नाई! मले वाटलं तुमीच उचललं."

 आम्ही पळत उकंड्यावर गेलो. शेणात वासराएवढा खड्डा दबलेला, अजून कोमट होता. पोतं बी नाई, गोऱ्हा बी नाई.

"कुत्रे," मानीबाई म्हणे. "आता येताना नाल्यात चार-पाच कुत्रे काईतरी ओढून राह्यलते."

बुढे मटकन खाली बसले. मी नाई बसली. मानीबाईच्या हातातली काठी घेतली अन् नाल्याकडं पळाली. उर्वशी माह्या मागं, "आई, दमानं, आई, पडान!" म्हणत. माहे गुडघे रोज कुरकुर करतात, त्या दिवशी त्यायले बी भेव वाटलं, चूप राह्यले.

नाल्यात पाणी थोडंसंच होतं. रेतीत कुत्रे खरंच गोळा झालते, अन् ज्याच्यासाठी भांडून राह्यलते ते आमचंच पोतं. लाल पट्ट्यायचं, युरियाचं. माह्या तोंडातून असा आवाज निघाला का कुत्रे तं कुत्रे, नाल्यातले बगळे उडून उमरखेडपावतर गेले असतीन. काठी फिरवत मी मधातच घुसली. एक काळा कुत्रा माह्या अंगावर आला. त्याले म्या असं पाह्यलं जसं आमच्या बुढ्याले पाहते. तो शेपूट घालून गेला.

पोतं उचललं.  आत काय दिसते म्हणून डोळे मिटले. उर्वशीनंच पोतं उलटं केलं.

खाली. रक्ताचा थेंब नाई.

"आई, हे पाहा," उर्वशी खाली वाकली. ओल्या रेतीत बाईमाणसाचे पाय. अनवाणी, खोल रुतलेले, जसं डोक्या-खांद्यावर वझं असन. अन् आजूबाजूनं बकऱ्यायच्या खुरायचे ठसे. पाय पलीकडच्या काठावर चढून गेलते.

आता हे ऐका. मोहाच्या झाडावर एक मोठा वांदर बसलता, पांढऱ्या दाढीचा. मी त्याले म्हटलं, "बाप्पा, कोणी नेलं?" त्यानं माह्याकडं पाह्यलं, हातातलं मोहाचं फूल खाल्लं, अन् तोच हात नाल्यापलीकडच्या बंजाऱ्यायच्या तांड्याकडं लांब केला. उर्वशीले विचारा. ते म्हणीन, तो खाजवून राह्यलता. पण लांब तं केला!

तांड्याच्या पह्यल्याच घरी रुपीबाई राहते. बकऱ्या आहे तिच्या, अन् एक म्हैस. आमच्या पांदणीनंच ते बकऱ्या चाराले नेते. अंगणात गेली, अन् माहा जीव भांड्यात पडला. म्हशीच्या समोर आमचा गोऱ्हा उभा! आंग धुतलेलं, पुसलेलं. म्हैस त्याले चाटून राह्यलती, अन् तो तिच्या कासेत तोंड खुपसून असा पिऊन राह्यलता का शेपटी गर्र गर्र फिरे.

"रूपे, बाई, तुहे उपकार!" म्हणत मी पुढं झाली. रुपीबाई मधात उभी राह्यली. उंच, सडपातळ, कंबरेवर हात.

"तथीच थांब, प्रभे. कायले आली?"

"माहा गोऱ्हा न्याले."

"तुहा? तुहा असता तं उकंड्यावर टाकला असता का? आता ट्रॅक्टर आले, बैल नको झाले, म्हणून गोऱ्हा झाला का टाका शेणात. मी पाह्यलं ना माह्या डोळ्यानं. ओला जीव, मायेनं चाटलेला बी नाई, अन् तुमच्या घरचं एक माणूस मागं वळून पाहे नाई!"

"अवं टाकला नाई आमी. म्हंजे टाकला. पण टाकाचा म्हणून नोता टाकला."

"मंग कायले टाकला?"

म्या सगळं खरं खरं सांगतलं. मरण फसते ते सांगतलं, सूपभर ज्वारी सांगतली, मानीबाई सांगतली, वांदरायनं उधळलेली गंजी सांगतली. अंगणात तांड्याच्या बाया गोळा झाल्या. मी जसजशी खरं सांगे तसतशा त्या तोंडाले पदर लावे. रुपीबाई हासली नाई.

"गेल्या शिमग्याले तू मले सांगतलं, तुह्या कोंबडीनं नागाची अंडी उबवली अन् ते पिलं तिच्या मागं रांगेनं फिरे. सांगतलं का नाई?"

"सांगतलं."

"आता हे सांगून राह्यली. जाय घरी."

पहा, साऱ्या जलमात जवा खरं बोलाची वेळ आली तवा माह्यावर कोणी भरोसा ठेवे नाई. अन् रुपीबाईचं बी काई खोटं नोतं. तिनं हळूच म्हशीच्या गळ्यावर हात ठेवला. "माह्या म्हशीचं वगारू परवा झालं अन् परवाच गेलं. काल दिवसभर तिनं पान्हा सोडला नाई. आज ह्याले पाह्यलं अन् सोडला. आता मी हा देऊन टाकू, अन् हिनं काय करावं?"

 नाल्यापलीकडून चंद्रीचं हंबरणं येऊन राह्यलतं. हे म्हैस इकडून कान टवकारे.

तवर आमचे बुढे काठी टेकत टेकत आले. रुपीबाई म्हणे, "उकंडाभाऊ, तुमी सांगा. तुमी खोटं बोलत नाई. टाकला का नाई?"

अन् आमचे उकंडाजी तिच्यापुढं हात जोडून म्हणे, "रुपीबाई, अक्कल माही होती. हे नाई म्हणत होती. दोष माहा, तिले बोलू नको. चूक झाली."

 रुपीबाईनं मोठा श्वास सोडला.

"मंग गाय आणा इथी. तिनं घेतला तं तिचा. नाई घेतला तं माह्या म्हशीचा. पुन्हा कोणी तोंड उघडाचं नाई."

उर्वशी गेली अन् चंद्रीले घेऊन आली. आणली काय, चंद्रीनंच तिले ओढत आणली. कासरा उर्वशीच्या हातात अन् उर्वशी गाईच्या मागं फरफरा. अंगणात शिरली, गोऱ्हा पाह्यला, हंबरली. म्या म्हटलं, झालं! पोराले माय भेटली!

चंद्रीनं नाक पुढं केलं. हुंगलं. अन् मंग तिनं काय करावं? मान खाली घालून अशी ढुशी मारली का गोऱ्हा दोन कोलांट्या खाऊन कुडाशी पडला.

म्या पदर टाकून त्याले झाकाले गेली तं शिंग माह्या लुगड्याच्या काठातून आरपार. उर्वशीनं कासरा ओढला म्हणून वाचली.

"पाह्य," रुपीबाई म्हणे. आवाजात राग नोता आता. "तिले बी नको."

"तिले नको नाई वो! म्हशीचा वास येऊन राह्यला त्याले!" म्या वरडली. "तू धुतलं, म्हशीनं चाटलं. चंद्रीनं तं त्याले हुंगलंच नोतं. तिले कसं समजीन?"

मिठाचा खडा चोळून पाह्यला त्याच्या पाठीवर. चंद्रीनं एकदा जीभ लावली, नाक फेंदारलं, लाथ झाडली. गूळ लावला. गूळ खाल्ला तिनं, वासराले हाकललं. कास दगडासारखी झालती तिची. गोऱ्हा उठून पुन्हा तिच्याकडंच जाये, अन् ते पुन्हा शिंग रोखे. आता एखादी ढुशी पोटात बसली का मामला खतम. तांड्यातल्या बाया म्हणे, "रूपे, घे बाई बाजूले, मरून जाईन."

रुपीबाईनं गोऱ्ह्याले उचललं अन् म्हशीकडं चालली. माह्या डोक्यात तवाच पेटलं.

"जार!" म्या वरडली. "तिची जार त्याले चोळा! तो वास तिचाच आहे, तो चंद्री वळखीन!"

रुपीबाई थांबली. "कुठी आहे जार?"

मी बुढ्याकडं पाह्यलं. बुढे म्हणे, "पुरली."

"मंग उकरा!"

उर्वशीनं तांड्यातल्या एकाची स्कुटी घेतली, बुढ्यायले मागं बसवलं. बुढे जलमात पह्यल्यांदा सुनेच्या मागं बसले, डोळे मिटून, दोन्ही हातानं सीट धरून. मी चंद्रीचा कासरा धरून उभी. ऊन चढलं. चंद्री थरथर कापे. म्हैस हंबरे का चंद्री हंबरे, चंद्री हंबरे का म्हैस हंबरे. मधात रुपीबाई, छातीशी गोऱ्हा धरून.  

मंग रुपीबाईच म्हणे, "आदीचे दोन कसे गेले?"

"हगवण लागली."

"चीक कवा पाजे?"

"जार पडल्यावर. दुपारच्या कडेले."

तिनं माह्याकडं असं पाह्यलं जसं मी काळ्या कुत्र्याले पाह्यलतं. "ह्याले म्या उजाडल्याबरोबर पाजला. पाह्य, कसा उभा आहे." बस एवढंच. तुमाले सांगते, त्या दोन वासरायचे डोळे माह्यापुढं उभे राह्यले. उर्वशी सकाळी तेच म्हणून राह्यलती, अन् मी आभायाकडं पाहून राह्यलती.

स्कुटी आली. उर्वशीचे हात कोपरापावतर मातीनं भरलेले, अन् घमेल्यात थोडंसंच काईतरी.

"कुत्रे आमच्या आदीच पोचलते," ते धापा टाकत म्हणे. "अर्धी नेली. एवढीच भेटली."

रुपीबाईनं गोऱ्हा खाली ठेवला. मी अन् ते, दोघी बुढ्या गुडघ्यावर बसलो अन् चोळाले लागलो. पाठीवर, मानेवर, शेपटीखाली, तोंडावर. माशा घोंगावे. बाया नाकाले पदर लावून मागं सरल्या. मंग आम्ही दोघी बाजूले झालो, अन् उर्वशीनं कासरा सैल सोडला.

चंद्री पुढं आली. शिंग खाली होते. गोऱ्हा तसाच उभा, चारी पाय फाकवून. चंद्रीनं हुंगलं. थांबली. पुन्हा हुंगलं, शेपटीपासून तोंडापावतर. 

मंग तिच्या पोटातून एक आवाज निघाला. हंबरणं नोतं ते. बारीक, खोल, जसं कोणी बंद दारामागून बोलावते. अन् तिची जीभ बाहेर आली. एकदा चाटलं, दोनदा चाटलं, मंग अशी चाटाले लागली का गोऱ्हा पडे न् उठे, पडे न् उठे. धडपडत तो कासेखाली गेला, अन् पान्हा आपोआप वाहाले लागला, जमिनीवर धार.

उर्वशी रडून राह्यलती. मी नाई. माह्या डोळ्यात माशी गेलती.

रुपीबाईनं म्हशीकडं पाह्यलं अन् तोंड फिरवलं. तवा मले माहं सुख गोड लागे नाई. म्या म्हटलं, "रूपे, सूपभर ज्वारी आणून देते. रीत आहे तशी."

"ज्वारी नको मले," ते म्हणे. "रोज सकाळी गोऱ्हा इकडं आण. माह्या म्हशीपाशी उभा कर, दोन घोट पिऊ दे. तिनं पान्हा सोडला का घेऊन जाय."

"रोज? माहे गुडघे?"

"कुत्र्यायवर धावले तवा गुडघे होते ना?"

तवापासून रोज सकाळी मी नाला वलांडते. पुढं मी, मागं गोऱ्हा. आता चैत सरत आला, मोहाची फुलं सरली. गोऱ्हा दोन मायचं पिऊन असा फुगला का मले ओढत नेते. धम्यानं पुसदवरून येऊन बापाले एवढं ऐकवलं का बुढे दोन दिवस शेजारी जेवले. पण चंद्री कोठ्यात आहे, बाजारात नाई गेली. अन् औंदा आमच्या बकरीले पिलं झाले तवा उर्वशीनं कोणाले विचारलं नाई, जार पडाची वाट नाई पाह्यली, पिलू उभं राह्यलं का थानाले लावलं. बुढे तोंड उघडाले गेले. म्या फक्त डोळे वटारले.

आता एवढी आन घेतली, तं एक गोष्ट सांगूनच टाकते, नाई तं रातच्याले झोप येत नाई. सगळं खरं आहे. कुत्रे खरे, पोतं खरं, जार खरी, वांदर तं पक्काच खरा. पण ते आमच्या बुढ्यानं तांड्यात हात जोडून म्हटलं ना, "अक्कल माही होती, दोष माहा, तिले बोलू नको," ते म्या जोडलं. तो माणूस असं बोलला नाई, अन् बोलणार बी नाई. रुपीबाईनं विचारलं तवा तो खाली बसला अन् म्हणे, "पायाले मुंग्या आल्या, कोणी पाणी द्या बरं." गाय आणा हे रुपीबाईनं त्याच्याकडं पाहून वैतागून म्हटलतं.